हशाची जागा

(दुपारचे साडेतीन. जेवणाच्या टेबलावर ताटं अजून तशीच, त्यांच्या मधोमध भाचीचा लॅपटॉप. काका, म्हणजे मावशीचे यजमान, खिडकीपाशी पेपर घेऊन बसलेत. मावशी उभी आहे. बस म्हटलं तरी बसत नाही.)

मावशी : ...आणि खाली नाव काय, तर ‘तिसरी रांग’! मला वाटलं असेल कुणी रिकामटेकडा. चौथ्या ओळीपर्यंत आले आणि म्हटलं, अगं बाई, ही तर आपलीच कार्टी!

भाची : पण तू वाचलंस कुठे ते? तो चाहत्यांचा ग्रुप आहे, मावशी.

मावशी : मग मी कोण? एकोणतीस सिनेमे कापलेत मी साहेबांचे. एकोणतीस! माझ्यापेक्षा मोठा चाहता कोण आहे तुमच्या ग्रुपात, आण त्याला माझ्यासमोर.

काका : संकलित केले म्हण. कापले म्हटलं की खाटकाचं दुकान डोळ्यांसमोर येतं.

मावशी : तुम्ही पेपर वाचा. हिचं मला पाठ झालंय. ‘पंधराव्या सिनेमापर्यंत हा दिग्दर्शक वाऱ्यासारखा पळत होता. सोळाव्यापासून त्याचा छापखाना झाला. पात्रं विनोद करतात आणि मग बस यायची वाट बघत उभी राहतात.’ बस यायची वाट बघत! हे वाक्य तू मागच्या महिन्यात याच टेबलावर, माझ्या हातचं जेवताना बोलली होतीस. मी हसलेसुद्धा होते. मला काय माहीत कुणाबद्दल बोलतेयस!

भाची : ते वाक्य फार गाजलं गं. चारशे लोकांनी...

मावशी : चार हजारांनी डोक्यावर घेऊ दे. सोळाव्यापासून संकलनाच्या टेबलावर कोण होतं?

भाची : तू.

मावशी : मग छापखाना कोण?

भाची : मी साहेबांबद्दल लिहिलं होतं. तुझं नाव कुठे घेतलंय मी?

मावशी : तेच तर! शिव्या द्यायच्या तर नाव घेऊन द्याव्यात. एकतीस वर्षांत चव्वेचाळीस सिनेमे काढले त्या माणसानं. लोकांना हसवत हसवत गेला. आणि आता तुम्ही पोरं गाद्यांवर लोळून ठरवणार, कुठला वाऱ्यासारखा आणि कुठला कसा!

भाची : अगं, हा वाद माझ्या जन्माच्या आधीपासूनचा आहे. दोन तट आहेत आमच्यात. आम्ही आधीवाले, आम्हाला पहिले पंधरा मान्य. आणि दुसरे सगळेवाले. त्यांना चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस देवासारखे. नावसुद्धा कुणी घेत नाही सिनेमाचं, नुसता आकडा. ‘नववा बघ’, ‘एकतिसावा टाळ’. मागे एकानं एकतिसाव्याला टुकार म्हटलं, तर सगळेवाल्यांनी त्याला आठ दिवस झोपू दिलं नाही.

मावशी : शाबास त्यांची!

काका : मी कुठल्याच तटात नाही. मला एकही आवडत नाही.

मावशी : ठाऊक आहे जगाला. नाटक बघायचं तर रडारडीचं, सिनेमा बघायचा तर ज्यात शेवटी सगळे मरतात तो. एकोणतीस सिनेमांचे एकोणतीस पहिले खेळ बघितले या माणसानं, आणि ओठाचा कोपरा हलला असेल तर शपथ.

काका : गणिताच्या मास्तराकडून तुझी अपेक्षा जास्त होती.

मावशी : बरं, लिहिलंस ते लिहिलंस. ते मी गिळलं. पण आज तू हे काय घेऊन आलीस? ‘मावशी, तेविसावा नवा करकरीत झालाय, बघ.’ मी हौसेनं चष्मा पुसून बसले. आणि दहा मिनिटांत माझ्या अंगाची लाही झाली.

भाची : मला कंपनीनं सांगितलंय गं. त्यांनी सगळे सिनेमे विकत घेतलेत, लोकांना फोनवर दाखवायचेत. तेविसावा अकरा मिनिटांनी कमी करून मागितलाय, आज सहाच्या आत. मी कथेला हात लावला नाही. एक वाक्य काढलं नाही. नुसत्या रिकाम्या जागा काढल्या.

मावशी : रिकाम्या?

भाची : म्हणजे... विनोद झाल्यावर सगळे नुसते उभे असतात त्या.

मावशी : त्या रिकाम्या नाहीत. त्या हशाच्या जागा आहेत. ऐक नीट, कारण हे तुला तुझ्या कॉलेजात कुणी शिकवलेलं दिसत नाही. विनोद झाला की थेटरात सातशे माणसं हसतात. ती हसत असताना पडद्यावरचा माणूस पुढचं बोलला तर ते कुणाला ऐकू जाणार? तुमच्या लाडक्या पहिल्या पंधरांत निम्मी वाक्यं हशात बुडायची. लोक दुसऱ्यांदा तिकीट काढायचे ते बुडालेलं वाक्य ऐकायला! पंधराव्यानंतर थोरल्या संकलकांचे डोळे गेले, साहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, बाई, माझी वाक्यं वाचवा. मी वाचवली. विनोद झाला तरी कॅमेरा बंद करायचा नाही, असा नियमच घालून दिला मी. नट उभा राहू दे, त्याचा चेहरा चालू राहू दे. मग सिनेमा लागण्याआधी एका खेळाला लोक बोलवायचे, कुठं किती हसतात ते मोजायचं, आणि तेवढीच पट्टी तिथं जोडायची. एक फ्रेम जास्त नाही, एक कमी नाही.

भाची : मला माहितीय गं ते. पण फोनवर माणूस एकटा बघतो. एकटा माणूस मनात हसतो. मनातल्या हशाला पाच सेकंद लागत नाहीत.

मावशी : मग कळू दे त्या एकट्याला, की इथं सातशे माणसं हसली होती. त्यांची जागा आहे ती. तू कोण ती उठवणारी?

भाची : मी नोकरी करणारी आहे, मावशी.

मावशी : असं? मग आधी माझं नाव काढ. सुरुवातीला पाटी येते ना, ‘संकलन’ म्हणून? ती पुसून टाक. काप तुझे आणि नाव माझं, हे चालायचं नाही. लोक म्हणतील, बाईला घाई झाली होती कुठेतरी जायची.

काका : नाव राहू दे तिचं.

मावशी : तुम्ही मध्ये पडू नका. आजवर पडला नाहीत, आज कशाला?

भाची : सगळ्या नाही काढल्या मी. ती अकरा सेकंदांची तशीच ठेवलीय.

मावशी : कुठली?

भाची : अगं, तेविसाव्यातली! तो दातांचा डॉक्टर, दाढ दुखते म्हणून खोट्या मिशा लावून समोरच्या डॉक्टरकडे जातो. ज्याच्याशी त्याचं जन्माचं वैर, त्याच्याकडे. आणि तो समोरचा काही न बोलता त्याची मिशी काढतो, त्या स्टीलच्या ट्रेमध्ये चिमट्यांच्या शेजारी नीट ठेवतो, आणि दोघं एकमेकांकडे बघत राहतात. अकरा सेकंद. मग तो विचारतो, ‘कुठला दात?’ ती जागा आधीवाल्यांनाही मान्य आहे. चव्वेचाळीस सिनेमांत तेवढ्या एका जागेवर आमचं भांडण नाही.

मावशी : बघ! तीही मीच ठेवली. त्याच हातानं. मग ती बरी आणि बाकीच्या बस यायच्या वाटेवरच्या?

भाची : हाच प्रश्न मला पडला होता. म्हणून मी मोजलं.

मावशी : तू काय मोजणार? मोजलेलं सगळं वह्यांत आहे. अहो, तेविसाव्याची वही द्या बघू. कपाटात, खालच्या फळीवर.

काका : वही कशाला आता. तिला सहाच्या आत पाठवायचंय.

मावशी : द्या म्हणते ना! हे बघ. सिनेमागणिक एक वही. अक्षर यांचं. मला कधी आत बसवायचं नाही; खेळ सुरू झाला की माझ्या छातीत असं धडधडायचं की मी समोरच्या चपलांच्या दुकानापाशी जाऊन उभी राहायची. हे शेवटच्या ओळीत बसायचे, शाळेच्या शर्यतींचं स्टॉपवॉच घेऊन. पोरांच्या शंभर मीटरला लावतात तेच. ‘छत्री उलटी होते, पाच सेकंद. सासरा खुर्चीवरून पडतो, सात.’ आहे का शंकेला जागा? गणिताचा मास्तर आहे तो. एका गुणासाठी स्वतःच्या पुतण्याला नापास केलेला माणूस.

काका : अर्ध्या गुणासाठी.

भाची : मला दे ती वही. छत्री पाच... सासरा सात... थांब हं. मावशी, आता तू चिडू नकोस.

मावशी : चिडलेलीच आहे. पुढे बोल.

भाची : सगळेवाल्यांत एक शिंपी आहेत, म्हातारे. त्यांची आई अंथरुणाला खिळलेली होती, तिला थेटरात नेता यायचं नाही. म्हणून ते पिशवीत टेपरेकॉर्डर लपवून न्यायचे आणि अख्खा सिनेमा टेप करून तिला घरी ऐकवायचे. तेविसाव्याची टेप त्यांनी मला दिलीय. पहिल्या रविवारचा खेळ, भरलेलं थेटर. लोकांचं हसणं सगळं ऐकू येतं.

मावशी : बघ, बघ! याला म्हणतात चाहता. नाहीतर तुम्ही!

भाची : ऐक तर. छत्री उलटी होते. लोक हसतात. एक, दोन, तीन. संपलं. आणि मग नुसती शांतता. खुर्ची करकरते. कुणीतरी खोकतं. दोन सेकंदांनी पुढचं वाक्य येतं. सासरा पडतो. पाच सेकंद हशा, दोन सेकंद शांतता. पुढचं, तसंच. मी चाळीस ठिकाणी मोजलं. सिनेमात जेवढी जागा आहे, आणि वहीतही तोच आकडा दिसतोय, त्यापेक्षा हशा दोननं कमी. कधी पावणेदोन, कधी सव्वादोन, पण फरक दोनचाच.

मावशी : टेप जुनी आहे. ताणली गेली असेल.

भाची : ताणलेल्या टेपेत लांब हशा जास्त चुकेल, छोटा कमी. इथे सगळीकडे सारखेच दोन.

मावशी : मग तुझा शिंपी ज्या खेळाला बसला तिथं मेले सगळे आंबट तोंडाचे बसले असतील! यांनी मोजलंय ते. हे चुकतील? अहो, सांगा तिला. अहो?

काका : पोरीचा हिशोब बरोबर आहे.

मावशी : काय?

काका : टेप ताणल्याबद्दलचा. आणि दोनचाही.

मावशी : म्हणजे काय? घड्याळ बिघडलेलं होतं?

काका : घड्याळ उत्तम होतं. अजून आहे. दोन मी मिळवायचो.

मावशी : ...परत बोला.

काका : प्रत्येक हशाला दोन सेकंद. वहीत लिहिताना.

मावशी : एकोणतीस सिनेमे?

काका : एकोणतीस.

मावशी : तुम्ही? अर्ध्या गुणासाठी पुतण्याला घरी बसवणारे तुम्ही? आणि माझ्या वहीत खोटे आकडे? अहो, मी त्या आकड्यांवर पट्ट्या जोडल्या! डोळे फोडून, एकेक फ्रेम मोजून! साहेब एकदा म्हणाले होते, बाई, जरा लांबतंय का इथं? आणि मी त्यांना ताडकन सांगितलं, माझे आकडे चुकत नाहीत. बिचारे गप्प बसले. मरेपर्यंत गप्प बसले!

भाची : मावशी, बस ना जरा.

मावशी : मी बसणार नाही! का केलंत असं? हे सिनेमे आवडत नव्हते म्हणून? मुद्दाम पाडायला?

काका : सोळाव्याचा खेळ आठवतो तुला? तुझा पहिला. दोन दिवस तू जेवली नव्हतीस. मी बाहेर आलो, तर तू त्या दुकानाच्या खांबाला धरून उभी होतीस आणि पदराचं टोक दातांत. आत लोक हसले होते, नाही असं नाही. पण बेताचं. तीन सेकंद, चार सेकंद. तू विचारलंस, किती? आणि माझ्या तोंडून सहा निघालं.

मावशी : सहा.

काका : तुझा चेहरा असा उजळला की... मग मी थेटराच्या जिन्यात जाऊन बसलो आणि सगळ्या वहीवर हात फिरवला. मिळवायचे तर सगळीकडे सारखे मिळवावेत, म्हणजे निदान प्रमाण बिघडणार नाही असं वाटलं. तेही चूकच होतं. प्रमाण बिघडतंच.

भाची : पण पुढच्या सिनेमाला तरी खरं लिहायचं ना, काका!

काका : कसं लिहिणार? सोळाव्याला सहा आणि सतराव्याला एकदम चार? ही म्हणाली असती, लोक माझ्यावर कमी हसायला लागले. मग सतराव्यालाही दोन. मग अठराव्याला. वर्गात पोरांना रोज सांगायचो, पहिल्या पायरीला चूक झाली की उत्तर येत नाही. आणि घरी येऊन... असो.

भाची : म्हणजे आधीवाल्यांचं बरोबर होतं! सोळाव्यापासून खरंच...

मावशी : तू तोंड उघडलंस तर बघ! अगं, सत्तावीस वर्षं लोक त्या माणसाला छापखाना म्हणतायत, सुस्तावला म्हणतायत, आणि कारण काय, तर माझ्या घरातल्या माणसाला माझं उतरलेलं तोंड बघवेना! कुणाला सांगू हे? सांगण्यासारखं तरी आहे का?

काका : नाही.

मावशी : मला खरं सांगितलं असतंत तर मी मेले नसते. चार तर चार! चाराचे चार जोडले असते आणि सिनेमा पळाला असता. मी चांगली संकलक होते हो. मला खोट्या आकड्यांची गरज नव्हती.

काका : हे मला फार उशिरा कळलं. तोवर बारा सिनेमे झाले होते.

भाची : मग ते अकरा? काका, हे बघा. वहीत अकरा आहेत, सिनेमात अकरा आहेत, पण टेपवर तिथे शांतता नाहीच. लोक तीन सेकंद हसतात, थांबतात. डॉक्टर एकमेकांकडे बघतच राहतात. आणि मग मागून कुणीतरी परत हसतं, आणि अख्खं थेटर सुटतं. पहिल्यापेक्षा दुप्पट. कुणी काही बोललेलं नसताना. तिथे दोन मिळवले नव्हते का तुम्ही?

काका : नाही. तिथं काहीच मिळवलं नाही.

मावशी : का? तिथं माझी दया आली नाही?

काका : तिथं घड्याळ थांबवायचं राहिलं.

मावशी : राहिलं म्हणजे?

काका : मिशी त्या ट्रेमध्ये ठेवली, तेव्हा मी हसलो. जोरात. शेजारचा माणूस वळून बघायला लागला. लोकांचं हसून संपलं होतं, पडद्यावर दुसरंच काहीतरी सुरू झालं होतं, आणि मी आपला हसतोय. भानावर आलो तेव्हा घड्याळात अकरा झाले होते. खरा आकडा माझ्याकडे नव्हता. मग तोच लिहिला.

भाची : म्हणजे ज्या जागेवर सगळ्यांचं एकमत आहे, ती... काका, ती तुमच्या हशाची जागा आहे!

मावशी : तुम्ही हसलात? साहेबांच्या सिनेमात?

काका : एकदा.

मावशी : कशावर पण?

काका : माझी दाढ दुखत होती. आठ दिवस. तुला सांगितलं नव्हतं, कारण तू म्हणाली असतीस, दाखवा जाऊन. समोर तो माणूस मिशा लावून बसलेला बघितला आणि...

मावशी : आणि हे मला सांगावंसं वाटलं नाही? इतकी वर्षं मी धरून चाललेय की माझ्या कामावर जगात एक माणूस कधी हसला नाही, आणि तो माझ्याच घरात राहतो. विचारायचे ना मी दर वेळी, बाहेर आल्या आल्या?

काका : तू किती सेकंद ते विचारायचीस. कोण हसलं ते कधी विचारलं नाहीस.

भाची : मावशी... चार वाजून गेले. मी काय पाठवू? तू म्हणशील ते. हवं तर नोकरी सोडते, पण काय करू ते सांग.

मावशी : नोकरी सोडून इथं जेवायला येणार रोज? काही नको. किती हशाच्या जागा आहेत तेविसाव्यात?

भाची : एकशे चाळीस. ही अकराची सोडून.

मावशी : तू त्या सगळ्या साफ केल्यास. सगळ्या परत आण. आणि प्रत्येकीतले दोन काढ. फक्त दोन. ते लोकांचे नाहीत, ते यांचे आहेत. किती झाले?

काका : दोनशे ऐंशी सेकंद. चार मिनिटं चाळीस.

मावशी : तुम्हाला विचारलं नाही. अकरा मिनिटांना किती कमी?

भाची : सहा मिनिटं वीस.

मावशी : ते नावेतलं गाणं काढ. साहेबांच्या मेव्हण्यानं म्हटलेलं. मला तेव्हाच काढायचं होतं. घरात भांडणं होतील म्हणून साहेबांनी हात जोडले होते. किती आहे ते?

भाची : थांब... सहा वीस. मावशी, बरोब्बर सहा वीस!

मावशी : असणारच. मीच मोजून बसवलं होतं, आणि गाण्यात कुणी हसत नव्हतं, म्हणून तिथं कुणाला काही मिळवता आलं नाही.

भाची : पाटीवरचं नाव?

मावशी : राहू दे. आणि उद्या तुझ्या त्या ग्रुपात लिही, ‘तिसरी रांग’नं म्हणे तेविसावा परत बघितला आणि तिचं मत बदललं. यांच्याबद्दल अक्षर लिहायचं नाही. भांडतायत ते भांडू देत.

भाची : आणि ती अकरा?

मावशी : तिला हात लावलास तर या घरात पाय ठेवू नकोस. चल, लाव पहिल्यापासून. दोन काढल्यावर काय दिसतं ते एकदा डोळ्यांनी बघू दे. आणि अहो, तिकडे खिडकीत काय बसलात? इकडे या. शेवटची ओळ नाहीये ही.

काका : स्टॉपवॉच आणू? ड्रॉवरमध्येच आहे.

मावशी : आणा. पण ते माझ्याकडे द्या. तुम्ही नुसतं बघा.